बुडवलेला डोंगा

जुलैमधला रविवार, सकाळचे साडेआठ. मोबाइलला रेंजची एकच काडी. आणि मी सावलीजवळच्या एका कालव्याच्या काठावर उकिडवी बसून, सहा माणसं चिखलातून काहीतरी ओढताहेत ते बघतेय. मैत्रिणींना सांगितलं असतं, तर वीकेंडचा हा प्लॅन ऐकून त्यांनी मला वेड्यात काढलं असतं!

खरं तर निघाले होते आसोलामेंढा तलावाचे फोटो काढायला. ब्रिटिशांच्या काळातला हा तलाव. गोसीखुर्द धरणाचा ९९ किलोमीटरचा उजवा कालवा इथेच येऊन मिळतो. कालव्याला इकडे म्हणतात नहर. वाटेत नहराच्या तोंडाशी गर्दी दिसली आणि गाडी थांबवली.

पाण्याखाली होता डोंगा. डोंगा म्हणजे आपल्या बागेतल्या तळ्यातली होडी नव्हे. एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेला, इतका अरुंद की माणूस जेमतेम मावावा.

"कसा बुडाला?" मी काठावरच्या म्हाताऱ्या ढिवरबाबांना विचारलं.

"बुडाला नाई ताई, बुडवला. उन्हात ठेवला तं लाकूड तडकते."

उन्हाळ्यात तलाव ओसरला की नहराच्या तोंडाशी उरलेल्या डोहात डोंगा दगड भरून बुडवायचा, पावसाळ्यात दगड काढून वर आणायचा. इतकं सोपं! यंदा मात्र पहिल्याच पुरानं त्यावर गाळ आणून टाकला आणि डोंगा अर्धा गाडला गेला.

दोघं पायांनी चाचपडत कड शोधत होते. मग डुबक्या मारून हातानं गाळ उपसणं, एकेक दगड बाहेर. टोकाला दोर, पोटाखाली बांबू. जोर लावायचा तर एका बाजूनं नाहीच, बाबा सारखे ओरडत होते, "हळू गा, चिरंल!" चिरला तर संपलंच. एवढ्या घेराचं झाड आज जंगलातून कोण तोडू देणार? आणि डोंगा नाही तर जाळं कुठून टाकणार?

कड वर आली, तरी आत पाणी काठोकाठ. मग सगळ्यांनी तो मागेपुढे झुलवायला सुरुवात केली. प्रत्येक हिसक्याला टोकावरून पाणी सांडायचं आणि डोंगा बोटभर हलका व्हायचा. शेवटी एक पोरगा आत चढला, तेलाच्या डब्यानं पाणी उपसू लागला. तळाशी एक लहानशी मरळ तडफडत होती. ती सगळ्यात आधी पिशवीत गेली.

हे सगळं बघायला मस्त वाटतं, पण डोंग्याचं कौतुक इथे कुणी उगाच करत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. सहा जणी गेल्या. काठावर तो विषय निघाला तेव्हा दोर ओढणारेसुद्धा गप्प झाले.

बाबांनी डोंग्याच्या पोटावरून तळहात फिरवला. टोकाजवळ बोटभर चीर होती. "जुनीच हाय," ते म्हणाले, आणि चिंधी नि डांबर आणायला पोराला पिटाळलं.

मग माझ्याकडे वळून, "बसतेस का ताई?"

मी खांद्यावरची लॅपटॉपची बॅग दाखवली. पोरगा खो खो हसत सुटला.