कंबरदुखी: चाळीस वर्षांत उलटलेला सल्ला

१९८०च्या दशकात कुणाची कंबर धरली की घरात आधी फळी शोधली जायची. गादी काढून पलंगावर फळी टाकायची, रोग्याला तिच्यावर आडवं करायचं, ताटही तिथेच न्यायचं. दवाखान्यात दाखल केलंच तर ट्रॅक्शनची वजनं. डॉक्टरही हेच सांगत, आणि मनापासून सांगत.

१९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो या डॉक्टरांनी काही रुग्णांना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दुखणं दोन्हीकडे सारखंच ओसरलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे तेवढे कमी झाले. १९९५मध्ये हेलसिंकीतल्या एका अभ्यासात तर झोपून राहणाऱ्यांपेक्षा आणि व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही रोजची कामं जमेल तशी करत राहणारे लवकर सावरले.

त्याआधी, १९९४ साली, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय अभ्यासले गेले होते. निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांमधल्या किमान एका चकतीला फुगवटा निघाला. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढं ऐकून आपल्याकडे कितीतरी बायकांनी कळशी उचलणं सोडलं, आजोबांनी नातवाला कडेवर घेणं सोडलं. त्यांना हा आकडा कुणी सांगितलाच नाही. दुखण्याइतकंच नुकसान त्या एका वाक्याने केलं, असं माझं मत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने हात घातला तो या भीतीलाच. १९९७पासून तिथे टीव्हीवर जाहिराती लागू लागल्या: कंबर दुखत असली तरी हिंडतंफिरतं राहा, कामावर जा. लोकांच्या समजुती बदलल्या, डॉक्टरांच्याही बदलल्या, आणि कंबरदुखीपायी होणारे भरपाईचे दावे घटले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती. तिथल्या समजुती होत्या तिथेच राहिल्या.

अमेरिका मात्र याच सुमारास भलत्या वाटेला लागली. १९९६मध्ये पर्ड्यू कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गातलं वेदनाशामक बाजारात आलं. अफूवर्गातल्या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं, यासाठी १९८०च्या एका पाच वाक्यांच्या पत्राचा दाखला दिला जाई. ते पत्र रुग्णालयात दाखल असलेल्यांविषयी होतं. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हतं. २००७मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला.

बरं, त्या गोळ्यांनी गुण तरी येत होता का? २०१८मध्ये एरिन क्रेब्स यांनी मिनेसोटातल्या २४० माजी सैनिकांवरचा अभ्यास मांडला. कंबर, गुडघे किंवा खुबे दुखणारी ही माणसं. निम्म्यांना अफूवर्गातली औषधं, निम्म्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी. वर्षभराने दोन्ही गटांचा वावर सारखाच होता, आणि वेदना साध्या औषधांच्या गटातच किंचित कमी होत्या. त्याच वर्षी आपल्याकडे सर्रास मिळणारं, अफूवर्गातलंच ट्रामाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. अर्थात, अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या एकदम तोडू नयेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्यात. अमेरिकेत ही औषधं देण्याबाबतच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनंतर काहींच्या गोळ्या तडकाफडकी बंद झाल्या, रुग्णांचे हाल झाले, आणि २०२२मध्ये सूचना सुधाराव्या लागल्या.

गोळ्यांऐवजी हालचालीने काय साधतं? इंग्लंडमध्ये २०११ साली ३१३ जणांवर झालेल्या चाचणीतला बारा आठवड्यांचा योगवर्ग पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिकेने आखला होता. वर्ग मिळालेल्यांच्या वेदनेच्या आकड्यात म्हणावा असा फरक पडला नाही. मोजे घालणं, जिने चढणं, वाकणं अशी कामं मात्र जास्त जमू लागली. मला हा निकाल सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

२०२४मध्ये ऑस्ट्रेलियातून चालण्याचा अभ्यास आला. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने हळूहळू चालणं वाढवायला लावलं. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, हे उद्दिष्ट. त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, इतरांचं ११२ दिवसांनी. पायातली ताकद जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र चालायला न जाता तडक रुग्णालय गाठायचं.