प्रारंभीच अडलेला संगणक
उबुंटू या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती बसविल्यानंतर संगणक बोधचिन्हापाशीच खिळून राहिला, तरी यंत्र निकामी झाल्याचा निवाडा घाईने करू नये. कारण पुष्कळदा दोष असतो तो नव्या कर्नेलशी न जुळणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा, आणि कर्नेल म्हणजे यंत्राच्या साऱ्या कारभाराचा मुखत्यार. नवा मुखत्यार रुजू होताच जुन्यास बडतर्फ न करण्याची या प्रणालीच्या कर्त्यांची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. प्रारंभी एस्केप, किंवा जुन्या यंत्रांत शिफ्ट, ही कळ दाबली असता ग्रब या प्रारंभ घडविणाऱ्या कार्यक्रमाची यादी अवतरते. तीतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागील कर्नेल निवडावा. तेवढ्याने भागले नाही, तर प्रारंभाच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द जोडावा, आणि यंत्र उघडताच ड्रायव्हर नव्याने बसवावा.