माळेगावची यात्रा : लेकरांना घेऊन जनावरांच्या गल्लीत

हल्ली शाळेची सहल शहराजवळच्या मोठ्या बागेत जाते. तिथे सिमेंटचा हत्ती असतो, त्याच्या सोंडेवरून घसरत पाण्यात पडायचे असते. फायबरच्या जिराफाजवळ उभे राहून फोटो काढायचा असतो. लेकरे खूष होऊन परत येतात, त्याबद्दल आपली तक्रार नाही. पण नांदेड-लातूरकडच्या माणसाला खरीखुरी, शेपटी हलवणारी आणि वेळप्रसंगी लाथ झाडणारी जनावरे हजारोंनी पाहायची असतील तर तिकीट काढावे लागत नाही. त्याच्यासाठी माळेगावची यात्रा आहे.

लोहा तालुक्यातले हे माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. नांदेडकडून आलात तर लोहा सोडून पुढे, लातूरकडून आलात तर अहमदपूर ओलांडून पुढे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रेला तोंड लागते. तिथीची यात्रा असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. २०२३ साली श्रावण अधिक आला म्हणून ती यात्रा पार १० जानेवारी २०२४ ला गेली आणि पुढची त्याच वर्षी २९ डिसेंबरला भरली. तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका, पंचांग पाहून निघा. दिवस मोठे सोयीचे असतात. सोयाबीनची रास घरात आलेली, कापसाची एखादी वेचणी राहिलेली, हरभरा आणि ज्वारी रानात उभी. एका दिवसाची सवड काढली तर कुणाचे नुकसान होत नाही.

यात्रेचे दोन भाग असतात. एका बाजूला आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळणी, बांगड्या, मिठाई आणि तमाशाचे तंबू. दुसऱ्या बाजूला माळावर जनावरे. आपल्या घरची माणसे करतात असे की, उतरल्याबरोबर दर्शन, मग पाळण्यात तीन तास, आणि परत जाताना जीपमधूनच जनावरांकडे बोट दाखवायचे, ‘ते बघ घोडे.’ माझे सांगणे एवढेच आहे की, यंदा हा क्रम उलटा करा. दर्शन झाले की सकाळच्या थंडीत आधी जनावरांकडे चला. पाळणे रात्रीपर्यंत फिरतच असतात.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण तुमच्या-आमच्या दारातच आहे. दावणीला दोन बैल, एक गाय, एखादे वासरू हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होते, तिथे आज दारात ट्रॅक्टर उभा आहे किंवा तो भाड्याने येतो. पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करणारी घरे आता खेड्यातही आहेत. ट्रॅक्टर वाईट असे कोण म्हणेल? पण शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या पोराला वेसण कशाला म्हणतात आणि कासरा कशाला, हे ठाऊक नसेल तर ते कुठे तरी दाखवले पाहिजे. सगळे एकाच जागी दाखवणारी माळेगावसारखी जागा आपल्या भागात दुसरी नाही.

माळेगावला जनावरांचा आणि देवाचा संबंधही जवळचा. खंडोबा घोड्यावर बसणारा, त्याच्या पायाशी कुत्रा. वाघ्या स्वतःला देवाचा कुत्राच म्हणवतो. बाणाई धनगराची, म्हणजे मेंढरेही आलीच. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत भंडारा उधळला जातो, तेव्हा घोड्याच्या आयाळीवरही तो पिवळा दिसतो. आजीला सोबत नेले असेल तर हा भाग तिच्याकडे सोपवा. तुमच्या-माझ्यापेक्षा ती चांगला सांगेल.

घोड्यांचा बाजार ही माळेगावची खरी ऐट. मारवाडी घोडा लेकरांना कसा ओळखायला सांगावा? त्याच्या कानांकडे पाहायला लावा. दोन्ही कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकू पाहतात. विकणारा घोड्यावर बसून चाल दाखवतो, गर्दी मागे सरते, धूळ उडते. लेकरू खांद्यावर घ्या, पण घोड्याच्या मागे उभे राहू नका. मालक ‘गरीब आहे, काही करत नाही’ म्हणाला तरी उभे राहू नका. परक्या माणसांच्या गर्दीत गरीब जनावरही बिचकते.

थोडे पुढे गाढवे. लेकरे इथे हसतात. हसू द्या, मग विचारा की वीटभट्टीवर, नदीच्या काठावर, जिथे चाक जात नाही तिथे माती आणि वाळू कोण वाहून नेते? गाढवावर पोट असलेली माणसे दूरदुरून इथे येतात. वैदू, गोसावी, घिसाडी अशा भटक्या समाजांची पाले या यात्रेत पडत आली आहेत. सोयरिकी जुळणे, भांडणे मिटणे, नातलगांची गाठभेट हे सगळे त्यांचे याच माळावर होई. तेव्हा एखाद्या पालापुढून जाताना ते माणसाचे घर आहे हे लेकरांना ठाऊक असू द्या.

उंटही दिसतील. एक गंमत करा. जनावर बसलेले असेल तिथे थोडे थांबा आणि ते उठते कसे, हे लेकरांना आधी ओळखायला सांगा. गाय-बैल मागची बाजू आधी उचलतात, गुडघ्यांवर क्षणभर थांबतात आणि मग पुढचे पाय सरळ करतात. घोडा नेमका उलटा, पुढचे पाय रोवून आधी छाती उचलतो. आणि उंट? तो गाईसारखा मागून उठतो, म्हणून त्याच्यावर बसलेले पोर पुढे कलंडते. हे पुस्तकातून शिकवायला तास जाईल, इथे पाच मिनिटे पुरतात.

आता आपल्या गुरांकडे येऊ. इथे मात्र घाई करू नका. नांदेडचा लालकंधारी आणि लातूरचा देवणी, या दोन जाती म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांनी देशाला दिलेले धन आहे. यात्रेत जिल्हा परिषदेच्या वतीने पशुप्रदर्शन भरते. तिथे निवडक वळू, गाई आणि कालवडी ओळीने उभ्या असतात. धुतलेले अंग, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. लालकंधारी अंगाने गडद लाल. वळूचा रंग गाईपेक्षा काळपट, कान लांब आणि लोंबते, कपाळ रुंद, डोळ्यांभोवती काळे कडे. काजळ घातल्यासारखे, असे लेकरांना सांगा, ती विसरणार नाहीत. कंधारच्या सोमदेवराय राजाने चौथ्या शतकात या जातीला आश्रय दिला अशी जुनी आख्यायिका आहे. राजाने आश्रय दिला असेल-नसेल, पुढची शतके मात्र कंधार, मुखेड, लोह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यानेच ती सांभाळली. कमी चाऱ्यावर, कडक उन्हात काम ओढणे हा तिचा गुण. दूध बेताचे, एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास.

देवणी हे जुन्या उदगीर तालुक्यातले वाण. गुजरातची गीर, सह्याद्रीकडची डांगी आणि इथली गावरान गुरे यांच्या मेळातून ते घडले असे जाणकार मानतात. गीरचे ते मोठे कान आणि फुगीर कपाळ देवणीच्या तोंडावर आजही ओळखू येते. देवणीत रंगावरून तीन प्रकार आहेत. अंग पांढरे आणि तोंड काळे तो वानेरा, सगळे अंग पांढरे आणि फक्त खालच्या बाजूला काळे ठिपके तो बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग तो शेवरा. ही तीन नावे लेकरांच्या कानावर घाला आणि कोण आधी ओळखतो अशी पैज लावा. आमच्या मते ही पैज कुठल्याही पाळण्यापेक्षा जास्त रंगते.

मग बाजारात एखादा सौदा चालू असेल तर कडेला उभे राहा. घेणारा बैलाचा ओठ वर करून दात पाहतो. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात आहेत तोवर खोंड आदत. दोन वर्षांच्या पुढेमागे मधले दोन पडून मोठे येतात तो दोन दाती, मग चार दाती, सहा दाती आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही आले की जुळला. विकणारा वय काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. काही जण दातांच्याही आधी अंगावरचे भोवरे पाहतात. ज्याची त्याची श्रद्धा आहे. मात्र भोवऱ्यांबरोबर खूर पाहावेत, खांदा पाहावा आणि दहा पावले चालवून पाहावे.

भाव तोंडाने बोलला जात नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, बोटे धरतात, मान हलवतात, हात झटकून निघून जातात आणि पुन्हा येतात. लेकरांना हे जादूच्या खेळासारखे वाटते. मोबाईलवर बैलाचे फोटो पाठवून व्यवहार होण्याच्या काळातही हे उपरणे टिकून आहे, याचे मला नवल वाटते.

पण सौद्याला दुसरी बाजू असते. जोडी विकायला आलेला शेतकरी सगळा वेळ बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा असतो. पैसे मोजून घेतल्यावर तो आपला कासरा सोडून घेतो आणि घेणारा स्वतःचा बांधतो. बैल नेला जात असताना त्याच्याकडे पाहायचे टाळून माणूस उगीच उपरण्याच्या घड्या घालत बसतो. दुष्काळाच्या वर्षी अशी माणसे फार असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या आधीच्या हंगामात कडबाच नव्हता. दावणीची जनावरे येईल त्या भावाला गेली. लेकरू विचारेल, ‘म्हाताऱ्या बैलाला कोण घेतं?’ टाळू नका, खरे सांगा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे न ओढणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि त्याला शेवटपर्यंत चारा घालायचा तर गरीब घराला तो खर्च जड जातो. ही अडचण सोसणारी माणसे त्याच माळावर भेटतील. त्यांच्याशी दोन शब्द बोला.

तुम्हाला स्वतःला गाय घ्यायची असेल तर एक गोष्ट ऐका, कारभारणीला पुढे करा. धार तीच काढणार, शेण-पाणी तीच करणार, मग बाजारात ती दहा पावले मागे का? तिला कासेला हात लावू द्या, चारही सडांची धार काढून पाहू द्या, गाय पाय झाडते का ते पाहू द्या. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळचे दूध तिच्या डोळ्यांदेखत मोजून घ्या. गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे ना, तेही पाहा. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. बाजाराच्या पावतीवर तोच आकडा लिहून घ्या.

दुपारी भाकरी सोडा, सावली पाहून बसा. शिळी झाली तरी घरची भाकरी-चटणी बरी, आणि पाणीही घरचेच न्या. धुळीसाठी प्रत्येकाजवळ रुमाल असू द्या. लहान लेकराच्या खिशात गावाचे नाव आणि फोनचा आकडा लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवा. चुकामूक झाली तर देवळापाशी भेटायचे, असे आधीच ठरवा.

मग खुशाल पाळण्यांकडे जा. आजोबा सांगतील की त्यांच्या वेळी सर्कशीत वाघ-सिंह असत. ते खरे आहे. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे खेळात नाचवायला बंदी केली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि सर्कशीतले पिंजरे रिकामे झाले. लेकरांना वाघ पाहायला मिळत नाही याचे वाईट वाटेल, पण चाबकाखाली स्टुलावर बसणारा वाघ पाहून त्याच्याबद्दल काय कळत होते, हाही प्रश्नच आहे.

परतीचे एक काम विसरू नका. हजारो जनावरे एका माळावर येतात तेव्हा रोगही येतात. लाळ्या-खुरकूत आपल्या पायताणाला लागून घरी येऊ शकते. २०२२ साली लम्पीच्या साथीत राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, ते आठवत असेल. म्हणून घरी पोहोचल्यावर चपला-बूट धुवा, हातपाय धुवा, कपडे बदला आणि मगच गोठ्यात शिरा. नवे जनावर आणले असेल तर ते घरच्या गुरांत लगेच बांधू नका. तीन आठवडे वेगळे ठेवा, त्याची बादली वेगळी, गव्हाण वेगळी. डॉक्टरला दाखवून लस राहिली असेल तर टोचून घ्या. तोवर त्याला रोज पाणी दाखवायचे काम कोणत्या लेकराचे, हे जीपमध्येच ठरवून टाका, म्हणजे घरी भांडणे होणार नाहीत.