तीन मोठे पुरस्कार मिळाले, तरी लॅब बंद केली नाही: क्लाउस टॉयबर यांच्याकडून काय शिकायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'कटान' या बोर्ड गेमचा उल्लेख केला होता. हा खेळ बनवणारे जर्मन डिझायनर क्लाउस टॉयबर 1 एप्रिल 2023 रोजी, वयाच्या 70 व्या वर्षी गेले. त्यांच्या खेळाच्या जगभरात 4 कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. पण आज त्यांची आठवण काढायचं कारण वेगळं आहे. "नोकरी सोडून पूर्णवेळ धंद्यात उतरू का?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात असतो. टॉयबर यांच्या आयुष्यात त्याचं चांगलं उत्तर सापडतं.

पोटापाण्याचा धंदा वेगळा होता

टॉयबर यांची डार्मश्टाट शहराजवळ डेंटल लॅब होती. दिवसभर दातांचं काम आणि संध्याकाळी घराच्या तळघरात खेळ बनवणं, असा त्यांचा दिनक्रम. लॅबच्या कामात मन रमत नव्हतं, म्हणून खेळ हा विरंगुळा.

त्यांच्या 'बार्बारोसा' या खेळाला 1988 मध्ये जर्मनीचा 'वर्षातला सर्वोत्तम खेळ' हा मानाचा पुरस्कार मिळाला. 1990 मध्ये दुसऱ्या खेळाला, 1991 मध्ये तिसऱ्या खेळाला तोच पुरस्कार. चार वर्षांत तीन वेळा! आपण काय केलं असतं? दुसऱ्याच दिवशी लॅबला कुलूप! त्यांनी लॅब चालू ठेवली. 1995 मध्ये 'कटान' आला, त्यालाही पुरस्कार मिळाला, आणि तरीही पूर्णवेळ खेळांकडे वळायला 1990 च्या दशकाचा शेवट उजाडला.

का? कारण पुरस्कार म्हणजे कौतुक, आणि घर चालतं ते दर महिन्याच्या उत्पन्नावर. एका दिवाळीत फराळाच्या भरपूर ऑर्डरी आल्या म्हणजे बाकीचे अकरा महिने सुटले, असं होत नाही ना? तसंच हे.

पहिलं गिऱ्हाईक घरातलं, पण परीक्षा खरी

नवा खेळ ते आधी बायको-मुलांसोबत खेळून पाहायचे. "कसा वाटला?" या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा त्यांचं लक्ष माणसांच्या वागण्याकडे असायचं. मुलगा टेबलाखाली हळूच कॉमिक वाचतोय, बायकोला अचानक कपडे धुवायचे आठवतायत, म्हणजे खेळ कंटाळवाणा झालाय! घरचे तोंडावर "छान आहे" म्हणतात. तुमचं सॅम्पल देताना शब्द कमी ऐका आणि ताटात काय उरलं ते बघा.

मोठी कल्पना, पण छाटलेली

'कटान'ची मूळ कल्पना फार मोठी होती: बेट शोधा, वसवा, राज्य वाढवा. सगळं एकत्र जमेना. मग त्यांनी फक्त 'वस्ती वसवणं' ठेवलं. काढलेल्या भागांतून पुढे त्यांचेच 'एंटडेकर' आणि 'ल्योवेनहेर्त्स' हे वेगळे खेळ निघाले. एकाच दुकानात दहा गोष्टी सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. बाजूला ठेवलेली कल्पना वाया जात नाही.

खेळातच दडलेले धंद्याचे दोन धडे

1. देवाणघेवाण. एक वस्ती बांधायला लाकूड, वीट, लोकर आणि धान्य, प्रत्येकी एक लागतं. सगळं एकाकडे क्वचितच असतं. बँकेकडे गेलात तर चार पत्ते देऊन एक मिळतो. शेजारच्या खेळाडूने दोनाला एक दिला तरी तुमचा फायदा, आणि त्याचाही! म्हणजे समोर बसलेला स्पर्धक तुमचा पुरवठादारही असतो.

2. अडकलेला माल. दोन फाशांची बेरीज सर्वात जास्त वेळा 7 येते, 36 पैकी 6 शक्यता. 7 पडले की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील, त्याचे निम्मे जातात. "अजून थोडं साठवू, मग वापरू" म्हणणारा इथे मार खातो. गोदामात पडून राहिलेल्या मालाचं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. या खेळात कुणीही मध्येच बाद होत नाही. मागे पडलेला शेवटपर्यंत टेबलावर असतो, सौदे करत असतो. 10 गुण आधी करणारा जिंकतो, पण बाकीच्यांना बुडवून नाही.

आता तुमचं काम

आज एक वही घ्या. डावीकडे घरचा महिन्याचा खर्च आणि हप्ते लिहा. उजवीकडे जोडधंद्यातून हातात उरलेला नफा, मागच्या बारा महिन्यांचा, महिन्यागणिक. विक्री नाही, नफा! किती महिन्यांत उजवा आकडा डाव्यापेक्षा मोठा आहे ते मोजा. दोन-तीनच महिने असतील, तर राजीनामा सध्या खिशात ठेवा आणि तळघरातलं काम चालू ठेवा. माझ्या मते सलग वर्षभर जमलं, तर निर्णय घ्यायला हरकत नाही.

टॉयबर यांनी घाई केली नाही, पण थांबलेही नाहीत. सावधपणा आणि आळस यांतला फरक इथेच आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरा!