मॅटॅडोरचा पत्रा: आधी दार, मग वेल्डिंग

आज बाबांच्या मॅटॅडोरची गोष्ट. गाडी बजाज टेम्पोची. २००५ मध्ये हीच कंपनी फोर्स मोटर्स झाली.

दाराखालचा पत्रा गंजून गेलेला. नाशिकमध्ये तयार पॅनेल मिळेना, म्हणून डेंटरकाकांनी पत्रा कापून, ठोकून बनवला. मी म्हटलं, "करा वेल्ड!" काका म्हणाले, "आधी दार लाव."

पत्रा क्लॅम्पने धरून दार लावलं, तर फट वर कमी, खाली जास्त! गाडी जॅकवर तिरकी होती. सरळ टेकवली, फट जुळली. वेल्ड आधी झालं असतं, तर दार कायमचं अडकलं असतं.

मग बॅटरी काढून लांब-लांब टाके मारले. सलग वेल्ड केलं तर उष्णतेने पत्रा वाकतो. शेवटी प्रायमर, सांध्यांत सीलर. नाहीतर पावसाळ्यात गंज परत हजर!