पाहिल्यावाचून प्रथिन उमगत नाही

‘प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी’ ही व्याख्या आमचे विद्यार्थी अचूक सांगतात. परंतु ही साखळी बहुधा विशिष्ट रीतीने दुमडल्यावरच शरीरात आपले काम करू शकते, आणि पुस्तकाच्या सपाट पानावर ती घडी दिसत नाही. राजगडाच्या नकाशात पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या सहज ओळखता येतात; बालेकिल्ल्याची उंची मात्र गड पाहिल्यावरच कळते. प्रथिनाचेही तसेच आहे.

शास्त्रज्ञांनाही प्रतिकृतीचा आधार घ्यावा लागला. स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना जॉन केंड्रू यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५८ मध्ये प्रथम मांडली, ती प्लॅस्टिसिनच्या प्रतिकृतीतून. हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे मॅक्स पेरुट्झ आणि केंड्रू यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात आम्ही लवचीक तारेत दोन रंगांचे मणी ओवतो. एक रंग पाणी टाळणाऱ्या आम्लांचा, दुसरा पाण्याशी जुळवून घेणाऱ्यांचा. पहिल्या रंगाचे मणी शक्यतो आत राहतील अशी तार दुमडली, की साखळीत दूर असलेले मणी शेजारी येतात. त्यानंतर पडद्यावर खरी त्रिमितीय रचना फिरवून दाखवली, म्हणजे विद्यार्थ्यांना तिची ओळख पटते.

याच मण्यांनी सिकलसेलही समजतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी पाणी टाळणारे व्हॅलिन येते. ते रेणूच्या पृष्ठभागावर असल्यामुळे, ऑक्सिजन सोडल्यावर शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते. अशा रेणूंचे लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

विदर्भातील व नंदुरबारमधील अनेक कुटुंबांनी हा आजार सोसला आहे. तो करणीचा परिणाम नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे. एका मण्याच्या बदलाचे ते फळ आहे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक कोण, हे रक्ततपासणीने कळते. म्हणून विवाहापूर्वीच ती करून घेणे हिताचे.

भगवान बुद्धांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. विज्ञानाच्या वर्गातही आम्ही हाच मार्ग धरला आहे. स्वतः पाहून पटलेली गोष्ट विद्यार्थी घरी जाऊन सांगतो, आणि तेथील भीतीची जागा समज घेऊ लागते.