आदिलशहाच्या राजधानीत चार दिवस

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की मध्यमवर्गीय घरात एक संवाद ठरलेला असतो. मुलांना उत्तरेत जायचे असते, कारण शेजारचे जाऊन आलेले असतात. आईला कुठेही चालते, फक्त तिथे स्वयंपाक करावा लागू नये. आजीला देवदर्शन हवे असते आणि वडील पासबुक उघडून गप्प बसलेले असतात. दिल्ली-आग्रा म्हटले की चार-पाच माणसांचे रेल्वेभाडे, दोन रात्री प्रवासात आणि आरक्षण मिळेल की नाही याची धाकधूक. मग दरवर्षीप्रमाणे मामाच्या गावी जायचे ठरते.

मुलांना राजधानीच दाखवायची असेल, तर एक राजधानी आपल्या उंबरठ्यावर आहे. सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेले विजापूर. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपूर आहे. स्टेशनवर आणि बसच्या पाटीवर तेच वाचायला मिळेल, मुलांना आधी सांगून ठेवावे. जवळजवळ दोनशे वर्षे, १४९० च्या सुमारापासून १६८६ पर्यंत, आदिलशाहीचा कारभार इथून चालला. आपल्या मुलांना हे नाव माहीत असते ते इतिहासाच्या पुस्तकातून. तिथल्या दरबारात अफझलखानाने विडा उचलला, एवढ्यापुरते. त्या दरबाराचे गाव आजही उभे आहे आणि बसने तिथे जाता येते, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात नसते.

आता पैशाचे बोलू. कौटुंबिक सहलीचे अंदाजपत्रक कोलमडते ते राहण्या-जेवण्याने नव्हे, वाहनाने. दारातून दारापर्यंत भाड्याची गाडी केली, की ती उभी असली तरी तिचे मीटर आपल्या डोक्यात फिरत राहते. मग ‘गाडी आहेच तर’ म्हणून बदामी, ऐहोळे, पट्टदकल, जमल्यास हंपीही, असे सारे चार दिवसांत कोंबले जाते. मुले मागच्या सीटवर झोपतात आणि वडील ‘उतरा, उतरा’ म्हणत त्यांना उठवतात. बदामी सुंदर आहे, यात शंका नाही. पण ती पुढच्या वर्षी पाहावी. एक गाव, तीन रात्री, हा हिशेब पक्का धरावा. मुंबई-पुण्याहून सोलापूरपर्यंत रेल्वेने यावे आणि पुढे बस किंवा गाडी धरावी. विजापुरात सर्व महत्त्वाच्या वास्तू एकाच गावात आहेत. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला, इब्राहिम रोझा पश्चिमेला तटाबाहेर, बाकीचे बहुतेक मध्ये. रिक्षा पुरते. टांगा मिळाला तर मुलांसाठी एक फेरी त्यातून जरूर करावी, मात्र भाडे आधी ठरवून.

तिकिटांची चिंता करू नये. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते; मोठ्यांचे तिकीटही चहा-नाश्त्याच्या खर्चात बसणारे. गगनमहाल, बाराकमान यांसारख्या ठिकाणी तर कोणी तिकीट मागतच नाही. मोठ्या मुलाकडे किंवा मुलीकडे एक वही आणि ठरावीक रक्कम देऊन रोजचा खर्च लिहायला सांगावा. मागणाराच हिशेब ठेवू लागला, की आइस्क्रीमची मागणी आपोआप एकावर येते.

जेवणाचा प्रश्न इथे फारसा उद्भवत नाही. उत्तर कर्नाटकात जेवणाच्या जागेला ‘खानावळी’ म्हणतात; शब्द आपलाच आणि बरेचसे पदार्थही. ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. आजीला पथ्य असले तरी या जेवणाचा त्रास होत नाही. मे महिन्यात मात्र जाऊ नये. तिथला दगड तापला की आपण काय पाहायला आलो, तेच माणूस विसरतो. दिवाळी किंवा नाताळ, हाच काळ खरा.

पहिल्या सकाळी गोलघुमट, आणि तोही उघडल्या उघडल्या. याचे कारण वर गेल्यावर कळते. १६२७ ते १६५६ पर्यंत राज्य केलेल्या मुहंमद आदिलशहाची ही कबर. चारही कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि त्यांतून वर जाणारे अरुंद जिने. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी खालीच बसावे. खालचे दालनही थोडे नाही. एक बाजू सुमारे १३५ फूट, म्हणजे आतली जागा अठरा हजार चौरस फुटांहून जास्त. आपला पाचशे चौरस फुटांचा फ्लॅट यात छत्तीस वेळा मावेल आणि मध्ये एकही खांब आड येणार नाही. तिथे उभे राहून मुलांना वर बघायला सांगावे. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवला कसा? दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवले की आठ टोकांची चांदणी होते, तशा आठ कमानी एकमेकींना छेदत वर नेल्या आहेत. त्यांनी चौकोनाचे वर्तुळ केले, आणि शिवाय घुमटाचा बाहेर ढकलणारा भार आतल्या बाजूला ओढून धरला. कागदावर दोन चौकोन काढून दाखवले, तर पाचवीतल्या मुलालाही हे समजते.

घुमटाच्या पायथ्याशी आतून गोल सज्जा आहे. भिंतीला तोंड लावून कुजबुजावे, समोरच्या बाजूला, शंभराहून अधिक फूट पलीकडे, कान लावलेल्याला ते स्पष्ट ऐकू येते. टाळी वाजवली तर ती सात-आठदा परत येते. दहा वाजले, शाळांच्या सहली आल्या, की तिथे फक्त कल्ला उरतो. म्हणून सकाळची घाई. आवारातल्या नगारखान्यात संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते, तेव्हा दिवस त्या हिशेबाने धरावेत.

दुपारी लॉजवर येऊन झोपावे. सहलीत झोप म्हणजे पैसे वाया, असे मानणाऱ्या वडिलांनी संध्याकाळी मुलांचे चेहरे पाहावेत. ऊन उतरल्यावर बाराकमान आणि गगनमहाल. बाराकमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर. वडिलांच्या घुमटाशी बरोबरी करण्याचा बेत होता, पण कमानी उभ्या राहिल्या आणि काम तिथेच थांबले. गगनमहालाची मधली कमान सुमारे साठ फूट रुंद आहे. तिच्याखाली थांबून मुलांना १६८६ सांगावे. सिकंदर आदिलशहा अवघा अठरा वर्षांचा होता, चौथ्या वर्षी गादीवर बसलेला. औरंगजेबाचा वेढा सोसवेना म्हणून तो शरण गेला आणि चांदीच्या बेड्या घालून त्याला याच महालात बादशहासमोर उभे केले, असे सांगतात. शिवाजी महाराजांच्या निधनाला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. ज्या सत्तेला आपण ‘शत्रू’ म्हणून शिकलो, तिला गिळणाराच तीन वर्षांनी संभाजीराजांपर्यंत पोहोचला. मुले इथे हटकून एक प्रश्न विचारतात: मग आदिलशहा चांगला की वाईट? घाईने उत्तर देऊ नये. शहाजीराजे १६३६ पासून याच दरबाराचे सरदार होते, ते या गावातून कर्नाटकात गेले, एवढे सांगून त्यांनाच विचार करू द्यावा.

दुसरा दिवस इब्राहिम रोझ्याने सुरू करावा. माझ्या मते विजापुरातली सर्वांत सुंदर वास्तू हीच. गोलघुमट थक्क करतो, पण रोझ्यापाशी बसून राहावेसे वाटते. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, नाजूक मिनार, आणि अरबी अक्षरेच कोरून-पोखरून केलेल्या जाळ्या, त्यांतून आत उजेड येतो. आतले छत सपाट दगडांचे आहे, आणि त्याला आधार कुठे आहे हे शोधूनही दिसत नाही. इथे निजलेला दुसरा इब्राहिम (१५८० ते १६२७) संगीताचा वेडा होता. त्याने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ रचला आणि त्यात सरस्वतीला वंदन केले. त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या पहिल्या इब्राहिमाने हिशेबाची दप्तरे फारसीतून काढून देशी भाषांत आणली, त्यांत आपली मराठीही होती. हे आजीला सांगितले तर तीही दोन जिने जास्त चढते!

परतताना ताजबावडी पाहून तटाकडे वळावे. ‘काय मुलूखमैदान तोफ आहे!’ असे आपण आरडाओरडा करणाऱ्या वक्त्याला म्हणतो, ती तोफ इथे बुरुजावर आहे. लांबी साडेचौदा फूट, वजन पन्नास टनांहून अधिक, तोंडाशी हत्तीला चिरडणारा सिंह. ती घडवली १५४९ मध्ये अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये ती विजापुरास आणली. मुठीने ठोकली तर घंटेसारखा नाद येतो. आणि या तोफेची किंमत? १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने ‘निरुपयोगी माल’ म्हणून तिचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत मोठी बोली लागली दीडशे रुपयांची. एवढ्यात विकणे मामलेदाराला पटेना. त्याने वर कळवले आणि लिलाव रद्द झाला. विजापूरच्या साऱ्या बादशहांची नावे पुढे मुले विसरतील, हा निनावी मामलेदार विसरू नये. जवळच उपळी बुरूज आहे. १५८४ मध्ये हैदरखानाने बांधलेला, बाहेरून वळसे घेत चढणारा जिना, माथ्यावर तीस फुटांहून लांब तोफ आणि तिथून सारे गाव दिसते. आपण दोन दिवस कुठे कुठे फिरलो, ते मुलांनी इथून बोटाने दाखवावे.

जामा मशिदीसाठी तिसरी सकाळ ठेवावी. फरशीवर नमाजासाठी आखलेले २,२५० चौकोन आहेत. नमाजाची वेळ सोडून जावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि आवाज बेताचा. मग बाजारातून शेंगाचटणीची दोन पाकिटे घ्यावीत, ती प्रवासात दशम्यांबरोबर लागतात. दुपारच्या बसने सोलापूर गाठले की ज्यांच्या आजीचा हट्ट अजून शिल्लक असेल, त्यांना पंढरपूर तिथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे. एक रात्र वाढवायची की नाही, ते वहीतली शिल्लक पाहून ठरवावे.